मंडळाच्या वह्या रद्दीत घालू नका



दिवाळीच्या साफसफाईत आपण दरवर्षी एक गंमत करतो. धनतेरसच्या आधी माळा रिकामा करतो आणि जुन्या वह्या, पत्रं, पत्रिका, चोपडे रद्दीवाल्याच्या काट्यावर घालतो. मग नवा चोपडा आणून त्यावर कुंकवाने श्री लिहितो. आणि कार्तिक शुद्ध पंचमीला पाटावर पुस्तकं मांडून, वासक्षेप घालून ज्ञानाची पूजा करतो. दुकानदारांची लाभपाचम आणि आपली ज्ञानपंचमी एकाच दिवशी येते. कागदाला पाय लागला तर आपण मुलांना लगेच हात जोडायला लावतो, आशातना झाली म्हणतो. पण आठवड्यापूर्वी किलोच्या भावाने गेलेल्या कागदांची आशातना आपल्याला दिसत नाही.

हे आज लिहायचं कारण आमच्या पट्ट्यातल्या एका महिला मंडळाच्या वह्या. मंडळाचं नाव घालत नाही. पालघर, बोईसर, डहाणू, कुठलंही घातलं तरी चालेल अशी गोष्ट आहे. उपाश्रयाची दुरुस्ती निघाली आणि मंडळाचं लोखंडी कपाट रिकामं करायचं ठरलं. आत सभांच्या वृत्तांताच्या अकरा वह्या, वर्गणीची पावतीपुस्तकं, आयंबिलच्या ओळीत कुणाकडे कोणता दिवस याचे तक्ते, पाठशाळेचे हजेरीपट, यात्रेचे फोटो, चातुर्मासाच्या विनंतीची पत्रं. ट्रस्टींनी विचारलं, "हे कोण वाचणार?" आणि आपल्याच बायका म्हणाल्या, "कोणी नाही, देऊन टाका."

माझा राग ट्रस्टींवर नाही. त्यांची नावं संगमरवरावर कोरलेली आहेत, त्यांना कागदाची काय गरज? राग आला तो "कोणी नाही" म्हणणाऱ्या बायकांचा.

मी बी.कॉम. झालेली बाई. नोकरी केली नाही, पण घरचा आणि दुकानाचा रोजमेळ चाळीस वर्षं पाहिला. व्हाऊचर नसलेली नोंद ऑडिटर मान्य करत नाही, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. उद्या नात विचारेल की तुमच्या पिढीने काय केलं, तर आपण सांगणार, "आम्ही खूप केलं गं." ही बिनव्हाऊचरची नोंद. आणि शेजारी पुरुषांच्या ट्रस्टचे छापील अहवाल व्यवस्थित बांधून ठेवलेले असणार. त्या अहवालांत आपण कुठे असतो? शेवटच्या पानावर, "महिला मंडळाचे सहकार्य लाभले" या एका ओळीत.

आता त्या वह्यांत काय आहे ते सांगते, कारण मी त्या बसून वाचल्या. एका सभेत विषय असा होता की तपस्वींच्या सन्मानात ओवाळायला विधवा बहिणीला पुढे बोलवायचं की नाही. बाजूने सात, विरुद्ध पाच. खाली चिटणीस बाईंनी लिहिलंय, "चर्चा बरीच झाली." या तीन शब्दांत त्या दुपारी किती आवाज चढले असतील ते आपल्याला कळतं, कारण आपण अशा सभांत बसलोय. दुसऱ्या एका वहीत बँकेत मंडळाचं स्वतंत्र खातं काढायचा ठराव आहे, दोन बायकांच्या सह्यांनी चालणारं. त्याआधीच्या वर्षांत मंडळाचे पैसे कुणाच्या तरी यजमानांच्या दुकानाच्या गल्ल्यात असायचे. पुढच्या पानांवर सह्या मोठ्या होत जातात. सुरुवातीला "सौ." आणि पुढे यजमानांची आद्याक्षरं, मग हळूहळू स्वतःचं नाव. कुणी भाषण केलं नाही, ठरावही केला नाही. पण सहीची शाई सांगते.

एवढं किलोच्या भावाने द्यायचं?

कागदाची किंमत कळायला आनंदीबाई जोशींचं उदाहरण घ्या. सिनेमा बहुतेकींनी पाहिलाय, कादंबरीही काहींनी वाचली असेल. जन्म १८६५चा, लग्न नवव्या वर्षी, चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं, १८८३ साली नवऱ्याशिवाय बोटीने अमेरिकेला, मार्च १८८६ मध्ये डॉक्टरकीची पदवी, आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात मृत्यू. वय पुरतं बावीसही नाही. कोल्हापूरच्या इस्पितळातली जागा मिळाली होती, ती सांभाळायला आयुष्य उरलं नाही. इतक्या थोड्या दिवसांच्या बाईबद्दल आपल्याला इतकं कसं माहीत?

एक कारण म्हणजे ती पत्रं लिहायची आणि लोकांनी ती ठेवली. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फिलाडेल्फियाच्या ज्या महिला वैद्यकीय कॉलेजात ती शिकली, त्या कॉलेजने आपलं दप्तर टाकलं नाही. २८ जून १८८३ रोजी तिने प्रवेशासाठी लिहिलेलं पत्र आजही तिथल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहे. अभिलेखागार म्हणजे जुन्या कागदांचं भांडार, आपल्या ज्ञानभांडारासारखंच. त्या पत्रात ती सांगते की आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून ती इथवर आलीय, तिच्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, आणि तिला स्वतःसाठी काही नको, या कामाला लायक होण्यापुरतं हवंय. अठरा वर्षांची मुलगी हे लिहिते! त्या दिवशी तिथल्या कुणा कारकुनाने ते फाइलला लावलं. त्याच्या दृष्टीने तो एक प्रवेशअर्ज होता, आणखी काही नाही. इतिहास घडतोय म्हणून कुणी ते जपलं नाही, नियमाने फाइल केलं.

ते कॉलेज १८५० मध्ये सुरू झालं. पुढे तिथे मुलगेही घ्यायला लागले, नाव बदललं, दुसऱ्या कॉलेजात मिसळलं, शेवटी ड्रेक्सेल विद्यापीठात गेलं. आपल्या उपाश्रयाच्या एका रंगकामात मंडळाचं कपाट गायब होतं, आणि तिथे इतक्या उलथापालथीत बायकांची दप्तरं, पत्रं, फोटो टिकले. १८८५ साली काढलेला तो फोटोही त्यातलाच, आनंदीबाई नऊवारीत, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. मीरा कोसंबींनी आनंदीबाईंच्या पत्रांवर काम केलं. आपल्या चर्चगेटच्या महिला विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राच्या त्या संचालक होत्या, आणि हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर निघालं. कागद राहिला म्हणून सव्वाशे वर्षांनी एका बाईला दुसऱ्या बाईबद्दल नीट लिहिता आलं.

कुणी म्हणेल, ती आनंदीबाई होती, आम्ही कोण? अहो, १८८३च्या जूनमध्ये तीही आनंदीबाई नव्हती. अलिबाग, मुंबई, कलकत्ता अशी नवऱ्याच्या बदल्यांमागे फिरलेली पोस्टातल्या कारकुनाची बायको होती.

आणि हे काही परक्यांकडून शिकायला नको. पाटण, खंभात, जेसलमेरची आपली भांडारं सगळ्या जगाला माहीत आहेत. ताडपत्रावरच्या जुन्या पोथ्यांच्या शेवटी पुष्पिका असते. ही प्रत कुणी लिहून घेतली, कुठल्या गावी, कुठल्या संवतात, कुणाच्या पुण्यासाठी, हे त्यात असतं. त्यांत श्राविकांची नावं येतात, त्यांच्या स्वतःच्या नावांनी. कुणी आईच्या श्रेयासाठी, कुणी गेलेल्या मुलीच्या श्रेयासाठी पोथी लिहून घेतलेली. आठशे वर्षांपूर्वीच्या लेखनिकाला बाईचं नाव लिहायला संकोच वाटला नाही, आणि आपल्या पर्युषणाच्या पत्रिकेत आजही "मातोश्री" आणि "धर्मपत्नी".

मुनी पुण्यविजयजींनी या भांडारांसाठी जन्म घालवला. धूळ झटकून पोथ्या लावल्या, याद्या केल्या, आणि स्वतःजवळचा सुमारे दहा हजार हस्तलिखितांचा संग्रह अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई संस्थेला देऊन टाकला, जिथे कुणीही अभ्यासक जाऊन वाचू शकतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेतही जैन पोथ्यांचा मोठा साठा आहे. तो गोळा करायला ब्रिटिश सरकारने माणसं गावोगाव फिरवली. आपण ग्रंथ जपणारे लोक आहोत यात शंका नाही. फक्त आपल्या जपण्यात बायकांची वही कधी ग्रंथ ठरली नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप ऐकून मला हसावं की रडावं कळेना. "वीस वर्षांचे कागद सांभाळणं म्हणजे परिग्रहच की!" ही बाई मंडळातलीच, माझ्याहून लहान. तिच्या कपाटात साड्या किती ते मी विचारलं नाही. परिग्रह म्हणजे मूर्च्छा, माझं-माझं म्हणून धरून बसणं. घरात पेटी भरून ठेवाल, कुणाला दाखवणार नाही, मेल्यावर सुना टाकून देतील, तो परिग्रह. तीच पेटी विद्यापीठाला लिहून दिली, तिच्यावरचा हक्क सोडला, कुणा अनोळखी मुलीने येऊन वाचावं म्हणून दिली, तर ते दान. आहार, औषध, अभय आणि ज्ञान ही चार दानं आपण पाठशाळेत घोकली. ज्ञानदान म्हणजे फक्त नोटबुक वाटप, असं कुणी शिकवलं होतं का?

दुसरा आक्षेप जड आहे. तो घरातून आला, म्हणून त्यावर जरा थांबते.

मंडळाच्या वह्यांबरोबर मी आमच्या घरच्या जुन्या चोपड्यांचाही विषय काढला. लाल कापडी बांधणीच्या, लांबट, गुजराती अक्षरांतल्या खातेवह्या. आमच्या सासरची मंडळी तीन-चार पिढ्यांपूर्वी इकडे आली. मीठ, तेल, कापड विकलं, गवताचा व्यापार केला, आणि उधारही दिलं. मोठे दीर म्हणाले, "मंडळाचं काय ते करा. चोपडे बाहेर जाणार नाहीत. कशाला घराची अब्रू काढायची?" त्यांना काय म्हणायचंय ते मला कळतं. त्या खात्यांत आदिवासी पाड्यांवरची नावं आहेत, लग्नाला घेतलेलं कर्ज आहे, आणि व्याज आहे.

या भागात काय चालायचं ते लपलेलं नाही. लग्नाच्या कर्जापायी जन्मभर राबणारा तो लग्नगडी, हा शब्द इथल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. १९४५ साली डहाणू-उंबरगावकडे वारली उठले, आणि गोदावरी परुळेकरांनी ते सगळं "जेव्हा माणूस जागा होतो" मध्ये लिहून ठेवलं. म्हणजे एका बाजूचं लिहिलं गेलंय. दुसऱ्या बाजूचं आमच्यासारख्यांच्या माळ्यावर आहे, किंवा होतं. चोपडे जाळल्याने व्याज कमी होत नाही हो. फक्त एवढं होतं की कुणा सावकाराने रास्त हिशेब ठेवला असेल, दुष्काळात सूट दिली असेल, तर तेही जळतं.

आणि कागद कुणाचा, याचाही विचार करावा. ज्याचं खातं होतं त्याच्या पणतूला आपल्या पणजोबाचं नाव, पाड्याचं नाव आणि साल एका ओळीत दाखवणारा दुसरा कागद या जगात नसेलही. त्याच्या घरी वही नव्हती, आमच्या घरी होती. संवत्सरीला आपण सगळ्या जीवांना मिच्छामि दुक्कडम् म्हणतो. खात्यातलं नाव जाळून टाकल्यावर कुणाला म्हणायचं?

भीती वाटत असेल तर त्यालाही वाट आहे. विद्यापीठाला कागद देताना दानपत्र होतं. त्यात अट घालता येते, की अमुक वह्या इतकी वर्षं कुणाला दाखवू नयेत, अमुक पत्रं संबंधित व्यक्ती हयात असेपर्यंत बंद ठेवावीत. कुणाच्या आजारपणाचं, घरातल्या भांडणाचं, मोडलेल्या सोयरिकीचं पत्र असेल तर अशी अट घातलीच पाहिजे, ती माणसं विचारायला इथे नाहीत. झाकून ठेवणं आणि जाळणं यात फरक आहे. दीर अजून हो म्हणालेले नाहीत. मीही विषय सोडलेला नाही.

तिसरा आक्षेप, "विद्यापीठात तरी कोण बघतं? तिथेही धूळच खाणार." हे अगदी खोटं नाही. सरकारी कपाटांची अवस्था मला माहीत आहे. भांडारकर संस्थेसारख्या ठिकाणीही जानेवारी २००४ मध्ये जमाव घुसून नासधूस झाली. म्हणून द्यायच्या आधी जाऊन बघावं. कागद जमिनीवर आहेत की मांडणीवर, यादी करतात का, वाचायला येणाऱ्याकडून पेन बाहेर ठेवून घेतात का, स्कॅन करून एक प्रत आपल्याला देतील का. मुलगी द्यायची तर आपण घर बघतोच ना. चर्चगेटला कर्व्यांनी १९१६ साली स्थापलेलं महिला विद्यापीठ आहे, त्यांचं स्त्री अभ्यास केंद्र १९७४ पासून आहे. पालघरहून एका लोकलचा प्रवास. आधी त्यांना विचारू, नाहीतर दुसरं दार. पण "धूळ खाईल" म्हणून रद्दीत घालायचं, म्हणजे मूल आजारी पडेल म्हणून त्याला जन्मल्याबरोबर सोडून देण्यासारखं आहे. धूळ झटकता येते, लगदा झालेला कागद परत येत नाही.

तोवर घरी काय करायचं, हे बऱ्याच जणींनी विचारलं. आमचं मासवण सूर्या नदीच्या काठी, इथे श्रावणात पापड मऊ पडतात तिथे कागदाची काय कथा. बाहेरच्या भिंतीला लागून पेटी ठेवू नका, जमिनीवर तर नाहीच. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत घाम सुटतो. जुन्या सुती साडीचं धुतलेलं कापड उत्तम, आपली भांडारंही पोथ्या कापडातच बांधतात. टाचण्या, रबरबँड काढा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावायची नाही, आणि लॅमिनेशन तर मुळीच नाही, मग ते कितीही चकचकीत दिसो. फोटोतल्या बायकांची नावं फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने आत्ताच लिहा. त्या ओळखणाऱ्या सासूबाई पुढच्या दिवाळीला असतील असं नाही.

कसर आणि वाळवीचं विचाराल. औषध मारून जीव मारायचे नाहीत, हे आपलं बंधन. जुन्या भांडारांत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवतात, त्या वासाने कीड येतच नाही. आणि ज्ञानपंचमी कार्तिकातच का, याचा विचार केलाय? चार महिने पावसाची ओल खाल्लेल्या पोथ्या उघडायच्या, झटकायच्या, वारा द्यायचा, नव्या कापडात बांधायच्या, याला याहून बरा महिना नाही. आपण पूजा ठेवली आणि वारा द्यायचं विसरलो. विद्यापीठाला देताना कीटकनाशक धुरी देतात का, हेही विचारा आणि दुसरा उपाय आहे का ते बोला. विचारायला लाज कसली?

एक मात्र करू नका. निवडू नका. "हे चांगलं, हे बरं दिसत नाही" म्हणून पानं काढू नका. खाडाखोड, तेलाचे डाग, समासात केलेला भाजीचा हिशेब, तहकूब झालेल्या सभेखालची रागाची सही, सगळं जसं आहे तसं, आहे त्याच क्रमाने. मंडळाच्या एका माजी अध्यक्षबाईंनी मला सुचवलं की वृत्तांत परत सुवाच्य अक्षरात उतरवून काढू आणि जुन्या वह्या टाकू. त्यांच्या अक्षराचं मला कौतुक आहे, पण उतरवून काढताना ते सात-पाच मतदान "सर्वानुमते" होणार, हे मला दिसतंय.

आपल्या समाजात मोठं काम केलेल्या बायका झाल्या नाहीत असं नाही. सेठ माणिकचंद झवेरींच्या मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम काढला, सोलापूरला सुमतीबाई शहांनी श्राविकांच्या शिक्षणाची केवढी संस्था उभी केली. त्यांची नावं आपण घेतो. पण तिथे शिकायला गेलेल्या मुली, कमी वयात विधवा झालेल्या, कुणाच्या तरी आत्या आणि पणज्या होत्या. तुमच्या माहेरी अशी कुणी असेल तर तिचं पोस्टकार्ड, शाळेचा दाखला, भरतकामाच्या नमुन्यांची वही, काहीतरी ट्रंकेत असेल. भावजयीने टाकायच्या आत मागून घ्या. भाऊ दागिन्यांसाठी भांडेल, यासाठी भांडणार नाही.

मंडळाच्या वह्या सध्या माझ्याकडे आहेत, कापडात बांधून, देवघराच्या वरच्या फळीवर. अकरापैकी दहाच मिळाल्या. १९८७ ते १९९१ची वही नाही, आणि बँकेच्या खात्याचा ठराव पास झाल्यावर पुढे काय झालं ते नेमकं त्यातच असणार. कुणी तरी ती सहीसाठी घरी नेली आणि राहिली. जिच्या माळ्यावर असेल तिने या ज्ञानपंचमीला देरासरात येताना आणावी. पुसू नका, नवं कव्हर घालू नका. आणि तुमच्या घरी इतकी वर्षं कशी राहिली, हे मी विचारणार नाही.